हिशेब मांडून वाचा: अमेरिकन सामाजिक कादंबरीतले हाल आणि पिळवणूक

प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.ए.च्या अभ्यासासाठी 'द जंगल', 'द ग्रेप्स ऑफ रॅथ' आणि 'नेटिव्ह सन' या तीन कादंबऱ्यांतल्या हालअपेष्टा आणि दडपशाही यांवर लिहायचे आहे. कितीही प्रयत्न केला तरी उत्तर कथानकाच्या सारांशावर आणि 'गरीब माणूस भरडला जातो' या एका वाक्यावर येऊन थांबते. पुढे कसे जायचे?

अशी उत्तरे अडतात ती बहुतेक एकाच जागी. दुःख कोणाच्या वाट्याला आले हे टिपलेले असते, पण ते दुःख कसे घडवले गेले हे सुटलेले असते. 'गरिबी', 'शोषण', 'अन्याय' हे शब्द कोणत्याही देशातल्या कोणत्याही कादंबरीला चिकटवता येतात, म्हणून त्यांतून काही हाती लागत नाही. या तिन्ही लेखकांनी मात्र पानोपानी रकमा लिहून ठेवल्या आहेत: घराचा हप्ता, तासाची मजुरी, पेटीमागचा दर, खोलीचे भाडे. वाचक ते आकडे तपशील समजून ओलांडतो. माझ्या मते या कादंबऱ्यांचा खरा कणा तिथेच आहे. यांतली पिळवणूक एखाद्या दुष्ट माणसाच्या स्वभावातून येत नाही, ती व्यवहारातून येते. म्हणून हातात पेन्सिल घेऊन, हिशेब मांडत वाचायचे.

त्यासाठी वहीत चार रकाने पाडा. पहिल्यात रक्कम किंवा अट. दुसऱ्यात ती कोणी ठरवली. तिसऱ्यात समोरच्याला 'नाही' म्हणता आले असते का, आणि म्हटले असते तर काय झाले असते. चौथ्यात पैसा शेवटी कोणाच्या खिशात गेला. प्रत्येक नोंदीपुढे प्रकरणाचा क्रमांक लिहा, कारण आवृत्तीगणिक पाने बदलतात. एका कादंबरीतून वीस-पंचवीस नोंदी निघाल्या तरी भरपूर. तिसरा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा, आणि कंटाळून नेमका तोच रिकामा सोडला जातो.

'द जंगल'पासून सुरुवात करा. अप्टन सिंक्लेअर 1904 मध्ये शिकागोच्या कत्तलखान्यांच्या वस्तीत सात आठवडे राहिला. 1905 मध्ये कादंबरी 'अपील टु रीझन' या समाजवादी साप्ताहिकात क्रमशः आली आणि 1906 च्या फेब्रुवारीत पुस्तकरूपाने निघाली. लिथुआनियाहून आलेला युर्गिस रुडकुस, त्याची ओना आणि दोघांचे नातेवाईक असे हे कुटुंब. युर्गिसची तासाची मजुरी साडेसतरा सेंट. पहिल्या दिवशी काम रात्री सातपर्यंत लांबते, दीड डॉलरहून जास्त पैसे मिळतात आणि घरात आनंदीआनंद होतो. ही नोंद आधी करा, कारण पुढचा सगळा हिशेब या आनंदाच्या तुलनेत वाचायचा आहे.

आता घराचा व्यवहार. प्रकरण 4 आणि 6 शेजारी ठेवून वाचा. 'नवे' घर, किंमत 1500 डॉलर, 300 रोख, बाकी महिना 12 डॉलरने. 1200 भागिले 12 म्हणजे 100 हप्ते, आठ वर्षे चार महिने. कागदावर 'विक्री'ऐवजी 'भाडे' हा शब्द दिसतो तेव्हा घरच्यांच्या पोटात गोळा येतो. वकील सांगतो की मसुदा असाच असतो. सही होते. दोन प्रकरणांनंतर शेजारची म्हातारी माजाउश्किएने त्यांना खरी गोष्ट सांगते: घर नवे नाही, पंधरा वर्षांचे जुने आहे. ते बांधायला पाचशेहून जास्त खर्च आलेला नाही. याआधी चार कुटुंबांनी ते विकत घ्यायचा प्रयत्न केला आणि चारही बुडाली. शिवाय थकलेल्या रकमेवर वर्षाला सात टक्के व्याज आहे. इथे थांबून स्वतः आकडेमोड करा. 1200 वर सात टक्के म्हणजे पहिल्या वर्षाला 84, महिन्याला 7 डॉलर. म्हणजे ज्या 12 डॉलरवर घराचे अंदाजपत्रक बसवले होते ते एका संध्याकाळीत 19 च्या घरात गेले. ओनाने कामाला जायचे आणि कोवळ्या स्टानिस्लोव्हासचे वय वाढवून सांगून त्याला कारखान्यात उभे करायचे हे या सात डॉलरांमुळे ठरते. बालमजुरीवर स्वतंत्र परिच्छेद लिहिण्याऐवजी तिची साखळी घराच्या करारापर्यंत नेऊन दाखवली की उत्तराचा दर्जाच बदलतो.

चौथ्या रकान्याचे उत्तर प्रकरण 18 मध्ये मिळते. युर्गिस तुरुंगातून सुटून घरी येतो आणि त्याला स्वतःचेच घर ओळखू येत नाही. भिंतींना पिवळा रंग दिलेला. खिडक्यांच्या चौकटी तांबड्या होत्या त्या आता हिरव्या. आत दुसरे कुटुंब राहायला आलेले. म्हातारीने सांगितलेले चक्र आपल्या डोळ्यांदेखत एक फेरा पूर्ण करते आणि रंगाचा एक हात दिला की तेच घर पुन्हा 'नवे' होते. या कादंबरीतल्या सगळ्या रक्तमांसाच्या वर्णनांपेक्षा हा ओला रंग मला जास्त भयंकर वाटतो.

प्रकरण 8 मधला वेळेचा हिशेबही टिपा. कामगार एक मिनिट उशिरा आला तर तासाची मजुरी कापली जाते. उलट मालकाच्या बाजूने तास अपुरा राहिला, म्हणजे पन्नास मिनिटे राबून गुरे संपली, तर त्या तासाचे काहीच मिळत नाही. सकाळी सातला हजर राहायचे आणि गुरे दुपारी आली तर तोवर फुकट थांबायचे. एकच घड्याळ, पण दोन्ही बाजूंना निरनिराळे चालते. पिळवणुकीची याहून नेमकी व्याख्या शोधून सापडणार नाही.

या पुस्तकाबाबत एक चूक फार होते. 'या कादंबरीमुळे कामगारांची स्थिती सुधारली' असे बेधडक लिहिले जाते. प्रत्यक्षात 30 जून 1906 रोजी मांस तपासणीचा आणि शुद्ध अन्न व औषधांचा असे दोन कायदे झाले. दोन्ही मांस आणि अन्न खाणाऱ्यांच्या बचावाचे होते. मजुरी, कामाचे तास, अपघाताची भरपाई यांना त्यांनी हातही लावला नाही. आपण लोकांच्या काळजावर नेम धरला आणि चुकून तो पोटाला लागला, असे सिंक्लेअरनेच म्हणून ठेवले आहे. सडक्या मांसाची पाने कादंबरीत थोडीच आहेत, पण वाचक घाबरला ते स्वतःच्या ताटाकडे बघून. दुसऱ्याचे दुःख आणि स्वतःची भीती यांतले काय लवकर हलवते, हा प्रश्न तुमच्या विषयाच्या गाभ्यातला आहे. त्याला जागा द्या.

सिंक्लेअरची कमजोरीही लिहा. शेवटच्या चार प्रकरणांत युर्गिस जवळजवळ नाहीसा होतो, समाजवादी वक्ते बोलत राहतात आणि तो ऐकत बसतो. आकडे बोलायचे थांबले आणि भाषण सुरू झाले की कादंबरीचा जीव जातो. आणि प्रकरण 26 मध्ये संप फोडायला दक्षिणेतून आणलेल्या काळ्या मजुरांचे वर्णन उघडउघड वर्णद्वेषी आहे. ते मजूर कोणत्या परिस्थितीतून आले, त्यांना 'नाही' म्हणता आले असते का, हे सिंक्लेअर विचारतच नाही. जो प्रश्न तो लिथुआनियन माणसासाठी तीनशे पाने विचारतो, तो काळ्या माणसासाठी एका ओळीतही येत नाही.

'द ग्रेप्स ऑफ रॅथ'कडे जाताना वाचनाचा वेग बदलावा लागतो. जॉन स्टाइनबेकची ही कादंबरी एप्रिल 1939 ची. तिला 1940 चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. तिच्या आधी, 1936 मध्ये, त्याने कॅलिफोर्नियातल्या स्थलांतरित शेतमजुरांवर वृत्तपत्रासाठी लेखमाला लिहिली होती. कादंबरीत एकूण 30 प्रकरणे आहेत. ती ओक्लाहोमातून बेदखल होऊन कामासाठी कॅलिफोर्नियाला निघालेल्या जोड या कूळ कुटुंबाची गोष्ट आहे, पण त्यांतल्या 16 प्रकरणांत जोड कुटुंब मुख्य पात्र म्हणून नाही: 1, 3, 5, 7, 9, 11, 12, 14, 15, 17, 19, 21, 23, 25, 27, 29. विद्यार्थी ही प्रकरणे 'वर्णन' म्हणून गाळतात, आणि यंत्रणा नेमकी तिथेच उघडी करून ठेवलेली असते. वेळ कमी असेल तर निदान 5, 7, 19, 25 आणि 27 वाचाच.

पाचव्या प्रकरणात कुळे बेदखल होतात. ट्रॅक्टर चालवणारा मुलगा त्याच गावचा, ओळखीच्या घरातला. त्याला दिवसाला तीन डॉलर मिळतात. कूळ त्याला हिशेब ऐकवते: तुझ्या या तीन डॉलरांपायी पंधरा-वीस घरे उपाशी राहणार, शंभर माणसे रस्त्यावर येणार. मग प्रश्न निघतो की बंदूक उचललीच तर रोखायची कोणावर. चालकाला हुकूम बँकेचा, बँकेला हुकूम पूर्वेकडून. दुसऱ्या रकान्यात कोणाचे नाव लिहायचे हेच इथे कळेनासे होते, आणि तीच इथली मुख्य गोष्ट आहे. बँक हा माणसांनी बनवलेला, पण माणसांच्या हातात न राहिलेला राक्षस आहे, असे स्टाइनबेक दाखवतो.

सोळाव्या प्रकरणात कॅलिफोर्नियातून परत निघालेला एक फाटका माणूस 'मजूर हवेत' अशा छापील पत्रकाचे गणित उलगडतो. मालकाला 800 माणसे हवीत. तो 5000 पत्रके छापतो. ती वीसेक हजार लोक वाचतात आणि दोन-तीन हजार निघून येतात. मग मजुरी जितकी पाडावी तितकी पडते. पत्रकात एक अक्षर खोटे नसते, काम खरेच असते. फसवणूक आहे ती पत्रकांच्या संख्येत.

आता प्रकरण 26, हूपरची पीचची बाग. पेटीमागे पाच सेंट. सगळे कुटुंब राबून वीस पेट्या भरते, म्हणजे एक डॉलर. तो रोख मिळत नाही, चिठ्ठी मिळते आणि ती कंपनीच्याच दुकानात चालते. जोड कुटुंबातली आई दुकानात जाते. खिमा, पाव, बटाटे, कॉफी एवढ्यात डॉलर संपतो. भाव शहरापेक्षा चढे, पण शहरात जायचे तर पेट्रोलचा खर्च. सात माणसे राबली आणि हे एवढेच आले, असे ती म्हणते. साखरेला दहा सेंट कमी पडतात. उधार द्यायची दुकानदाराला परवानगी नाही. तोही पगारी नोकर, तोही घाबरलेला. शेवटी तो स्वतःच्या खिशातून दहा सेंट काढून गल्ल्यात टाकतो. हा प्रसंग उत्तरात घ्यायचा असेल तर 'गरिबांमधली माणुसकी' म्हणून घेऊ नका, निदान तेवढ्यावर सोडू नका. चौथा रकाना बघा: मजुरीचा डॉलर त्याच रात्री मालकाकडे परतला आणि वर नोकराचे दहा सेंटही गेले. दयेचीसुद्धा किंमत खालच्यांनीच भरली.

त्यातच दुसरी गाठ आहे. जोड कुटुंबाला पोलिसांच्या बंदोबस्तात आत आणले होते, कारण बाहेर संप चालू होता. संपवाल्यांना अडीच सेंट सांगितले गेले म्हणून ते बाहेर पडले. यांना पाच मिळतात ते फक्त संप मोडेपर्यंत. जोड कुटुंबाबरोबर आलेला आणि आता संपाचा पुढारी झालेला माजी धर्मोपदेशक केसी मारला जातो, संप मोडतो आणि दर अडीचवर येतो. म्हणजे जोड कुटुंब नकळत संपफोडे ठरले. भुकेलेल्याला भुकेलेल्याविरुद्ध उभे करायला कोणाला दुष्ट असावे लागत नाही, अडीच सेंटांचा फरक पुरतो. सत्ताविसावे प्रकरण अगदी छोटे आहे, कापूस वेचणीचे. पिशवीचे एक डॉलर मजुराकडून कापले जातात. पहिल्या वेचणीला शंभर पौंडांमागे 80 सेंट. म्हणजे सव्वाशे पौंड कापूस फक्त पिशवीसाठी वेचायचा. ही आकडेमोड स्टाइनबेक करून देत नाही, ती वाचकाने करायची असते.

चित्रपट पाहून उत्तर लिहू नका. याच कादंबरीवरच्या 1940 च्या चित्रपटात स्थलांतरितांसाठीच्या सरकारी छावणीचा भाग हूपरच्या बागेनंतर येतो, कादंबरीत तो आधी येतो. फरक छोटा दिसतो, पण त्याने अर्थ फिरतो. कादंबरीत छावणीत स्वच्छ संडास आहेत, स्वतःची समिती आहे, मानाने बोलणारी माणसे आहेत, फक्त काम नाही. म्हणून ती सोडावी लागते आणि पुढे बाग, खून, पूर असे खाली खाली जात गोष्ट त्या धान्याच्या कोठारात संपते, जिथे जोड कुटुंबातली मुलगी रोझ ऑफ शॅरन, जिला नुकतेच मृत मूल झाले आहे, एका उपाशी अनोळखी माणसाला दूध पाजते. क्रम उलटा केला की उतरण संपते आणि आशेवर शेवट करता येतो.

दोन खबरदाऱ्या. जोड कुटुंबाचे सॅलिसॉ हे गाव ओक्लाहोमाच्या पूर्व टोकाला आहे. धुळीच्या वादळांचा मुख्य पट्टा राज्याच्या पश्चिमेला, पॅनहँडल या चिंचोळ्या पट्ट्याच्या बाजूला होता. त्यामुळे 'धुळीच्या वादळामुळे स्थलांतर' एवढेच कारण देणे अपुरे आहे. कुळांना हाकलण्यात कर्ज, कापसाचे पडलेले भाव आणि ट्रॅक्टर यांचा वाटा मोठा होता. दुसरे, कॅलिफोर्नियाच्या शेतांत मेक्सिकन आणि फिलिपिनो मजूर आधीपासून राबत होते आणि त्यांनी संपही केले होते. कादंबरीत ते जवळजवळ दिसत नाहीत. कोणाचे हाल सांगितले गेले याइतकेच कोणाचे वगळले गेले हेही लिहायला हवे. सनोरा बॅब या लेखिकेने याच स्थलांतरितांवर लिहिलेली कादंबरी प्रकाशकाने 1939 मध्ये स्टाइनबेकचे पुस्तक गाजल्यामुळे बाजूला ठेवली. ती निघाली थेट 2004 मध्ये. आणि कादंबरीतली कहाणी जिथे घडते त्या कॅलिफोर्नियातल्या कर्न परगण्यानेच ऑगस्ट 1939 मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांत आणि शाळांत तिच्यावर बंदी घातली होती.

'नेटिव्ह सन' ही रिचर्ड राइटची 1940 ची कादंबरी. इथे वही अपुरी पडू लागते. ती का अपुरी पडते हे नीट सांगितले तर उत्तर बाकीच्यांहून वेगळे होईल. शिकागोच्या साउथ साइड या काळ्यांच्या वस्तीत कादंबरीचा नायक बिगर, त्याची आई, धाकटा भाऊ आणि बहीण एका खोलीत राहतात. बायका कपडे बदलतात तेव्हा पुरुषांनी भिंतीकडे तोंड करायचे. पहिल्याच प्रसंगात बिगर तव्याने उंदीर मारतो. या खोलीचे भाडे आठवड्याला आठ डॉलर. ज्या कंपनीला ते जाते ती डाल्टन या गोऱ्या धनिकाच्या ताब्यातली. त्याच डाल्टनकडे बिगर ड्रायव्हर म्हणून लागतो, आठवड्याला 25 डॉलरवर. म्हणजे पगाराचा जवळपास तिसरा हिस्सा भाड्याच्या रूपाने मालकाकडेच परत. डाल्टन दानशूर आहे, काळ्यांच्या शिक्षणासाठी लाखो डॉलर देतो, त्यांच्या मुलांच्या क्लबाला पिंगपाँगची टेबले देतो. काळ्या कुटुंबांना गोऱ्या वस्तीत घर भाड्याने मात्र देत नाही, कारण 'रीत तशी आहे'. ही रीत शिकागोत घरांच्या करारांत लिहिलेली असे. अशी कलमे न्यायालयातून अमलात आणता येणार नाहीत असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1948 मध्ये दिला. नोकरी नाकारली तर सरकारी मदत बंद होण्याची धमकी आहे, तेव्हा तिसरा रकानाही भरला.

पण बिगरच्या हातून डाल्टनची मुलगी मेरी हिचा जीव जातो तो पैशामुळे नाही, भीतीमुळे जातो. गोऱ्या मुलीच्या खोलीत काळा माणूस सापडला तर काय होईल हे त्याला सांगावे लागत नाही. राइटने तीन भागांपैकी पहिल्याला 'भीती' असेच नाव दिले आहे. दडपशाही अंगात इतकी मुरते की हात आपोआप उशी उचलतो. ही पायरी सिंक्लेअर आणि स्टाइनबेक यांच्याकडे नाही. आणि त्यानंतर बेसी, बिगरची काळी मैत्रीण. तिला बिगर जाणूनबुजून, विटेने मारतो. चौकशीच्या वेळी तिचे प्रेत ढकलगाडीवर आणले जाते ते मेरीच्या खटल्यातला पुरावा म्हणून. तिच्या खुनाची स्वतंत्र दखल कोणालाच घ्यावीशी वाटत नाही. बिगरची बाजू मांडणाऱ्या मॅक्स वकिलाचे लांबलचक भाषण उद्धृत करण्यापेक्षा या ढकलगाडीवर एक परिच्छेद लिहा. भाषणात राइट पटवू बघतो, ढकलगाडी पटवायच्या फंदात पडत नाही. मूळ संहिता 1991 च्या आवृत्तीत पूर्ववत केली आहे. 1940 च्या छापील पुस्तकात बुक क्लबच्या आग्रहाखातर काटछाट झाली होती. म्हणून आपण कोणती आवृत्ती वापरतो ते आधीच सांगा. उलट बाजूसाठी काळा लेखक जेम्स बाल्डविन याचा 1949 चा आक्षेप लक्षात घ्या: निषेधाची कादंबरी माणसाला त्याच्यावरच्या अन्यायाइतकाच लहान करून ठेवते. मला तो आक्षेप सिंक्लेअरला पूर्ण आणि राइटला अर्धा लागू होतो, पण स्टाइनबेकच्या कादंबरीतल्या आईला अजिबात लागू होत नाही असे वाटते.

चौथे पुस्तक घ्यायला वाव असेल तर अ‍ॅन पेट्रीची 'द स्ट्रीट', 1946. न्यूयॉर्कच्या हार्लेम या काळ्यांच्या वस्तीतल्या लूटी जॉन्सनचा मुलगा अटकेत आहे आणि वकील तिच्याकडे 200 डॉलर मागतो. अशा प्रकरणात वकील लागतच नाही, हे त्याला ठाऊक असते, तिला नसते. न मिळालेल्या माहितीची किंमत दोनशे डॉलर, आणि पुढचा सगळा अनर्थ त्या रकमेच्या शोधात घडतो. बायकांच्या बाजूने लिहायचे असेल तर सुरुवात इथून करा.

मराठी संदर्भ ओढूनताणून आणू नका, खरा आहे तो पुरेसा आहे. हॅरिएट बीचर स्टो हिची गुलामगिरीवरची कादंबरी 'अंकल टॉम्स केबिन' 1852 मध्ये पुस्तकरूपाने आली. तिच्या पहिल्याच प्रकरणात टॉमला विकणारा शेल्बी हा दयाळू मालक आहे, पण त्याच्या कर्जाचे कागद गुलामांच्या व्यापाऱ्याच्या हाती आहेत. म्हणजे हिशेबाची ही रीत स्टोपासूनच सुरू होते. आणि 1873 मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती निग्रोंना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. दलित पँथरने 1972 मध्ये नाव घेतले तेही अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथर या संघटनेवरून. दलित आत्मकथनांशी तुलना करायची असेल तर एक भेद आधी मांडा: सिंक्लेअर आणि स्टाइनबेक बाहेरून आत गेलेले लेखक आहेत, आत्मकथनकार आतूनच बोलतो. त्याला आकडे गोळा करायला वस्तीत सात आठवडे राहावे लागत नाही.

लिहायला बसताना प्रत्येक कादंबरीतून एकच व्यवहार निवडा: घराचा करार, पीचची पेटी, खोलीचे भाडे. त्याचे चारही रकाने दोन परिच्छेदांत उलगडा, मग लेखक कुठे भाषणाकडे वळला आणि कोणाकडे त्याचे लक्ष गेले नाही ते दाखवा. कथानक तीन ओळींत आटपा. 15 गुणांच्या उत्तरात सहा-सात आकडे पुरतात, पण प्रत्येक आकड्यापुढे तो कोणी ठरवला हे आलेच पाहिजे.